'आढळले नाही' या नोंदीचा इतिहास : ठाणे खाडीतील प्रदूषके आणि रासायनिक विश्लेषणाची वाढती संवेदनशीलता

प्रास्ताविक

नवी मुंबईतील सानपाडा हा विभाग ठाणे खाडीच्या पूर्व काठावर वसलेला आहे. त्याच्या पश्चिमेस पाम बीच मार्ग, त्यापलीकडे कांदळवन व खाडीचा चिखलपट्टा आणि खाडीपार ट्रॉम्बेची टेकडी आहे. पूर्वेस ठाणे-बेलापूर मार्गालगतची औद्योगिक वसाहत पसरली आहे. वाशी, सानपाडा, सारसोळे, दिवाळे या गावांतील आगरी-कोळी समाजाची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर अवलंबून होती. १९६० नंतरच्या काही दशकांत या प्रदेशात कारखाने आले, पाठोपाठ शहर आले आणि खाडीच्या पाण्याचे स्वरूप पालटले.

या स्थित्यंतराचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती जी साधने येतात, त्यांत प्रयोगशाळांचे अहवाल हे महत्त्वाचे साधन होय. या अहवालांतील धातूंच्या रकान्यांत अनेकदा एकच शेरा दिसतो : 'आढळले नाही'. सामान्य वाचक त्याचा अर्थ 'नव्हते' असा घेतो. इतिहासलेखकही पुष्कळदा तसाच घेतो. परंतु 'आढळले नाही' आणि 'नव्हते' ही दोन भिन्न विधाने आहेत. त्यांच्यामधील अंतर विश्लेषणपद्धतीच्या संवेदनशीलतेने ठरते आणि ही संवेदनशीलता काळानुसार बदलत आली आहे. म्हणूनच तिचा इतिहास जाणून घेतल्याखेरीज प्रदूषणाचा इतिहास लिहिता येत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे :
१) अत्यल्प द्रव्याच्या विश्लेषणाचा मुंबई इलाख्यातील आरंभ पाहणे.
२) पाऱ्याच्या मापनपद्धतीतील बदल आणि ठाणे खाडीचा अभ्यास यांचा संबंध तपासणे.
३) प्रयोगशाळेचा अहवाल ऐतिहासिक साधन म्हणून वाचताना कोणती दक्षता घ्यावी, हे सुचविणे.

विवेचनासाठी प्रकाशित शास्त्रीय निबंध, कायदे व मानके यांचा आधार घेतला असून पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे.

शोधमर्यादा : संकल्पना

एखाद्या पद्धतीने द्रव्याचे जे किमान प्रमाण खात्रीपूर्वक ओळखता येते, त्यास त्या पद्धतीची शोधमर्यादा म्हणतात. उपकरण कधीच पूर्ण स्तब्ध नसते. ज्यात शोधायचे द्रव्य घातलेलेच नाही अशा कोऱ्या नमुन्यालाही ते थोडाफार प्रतिसाद देते आणि हा प्रतिसाद दर वेळी किंचित बदलतो. खऱ्या नमुन्याचा प्रतिसाद या चढउतारापेक्षा स्पष्टपणे मोठा असला, तरच द्रव्य 'आढळले' असे म्हणता येते. सामान्यतः कोऱ्या नमुन्यातील प्रमाणविचलनाच्या तिप्पट प्रतिसाद हा निकष मानला जातो. या प्रश्नाची काटेकोर संख्याशास्त्रीय मांडणी लॉइड करी यांनी १९६८ मध्ये 'अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री' या नियतकालिकात केली. 'आहे' असे म्हणण्याची मर्यादा आणि 'किती आहे' हे सांगण्याची मर्यादा वेगवेगळ्या असतात, हे त्यांनी दाखवून दिले.

यावरून हे लक्षात येते की, संवेदनशीलता दोन मार्गांनी वाढते. उपकरणाचा प्रतिसाद वाढविणे हा एक मार्ग आणि कोऱ्या नमुन्यातील गोंधळ कमी करणे हा दुसरा. पुढील इतिहासात हे दोन्ही मार्ग वारंवार भेटतात.

विषपरीक्षेपासून आरंभ

अत्यल्प द्रव्य शोधण्याची गरज प्रथम पर्यावरणाने नव्हे, तर न्यायालयाने निर्माण केली. इंग्लंडमधील जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये सोमल ओळखण्याची नवी परीक्षा प्रसिद्ध केली. नमुना जस्त व आम्ल यांच्यासह ठेवला असता सोमलाचा वायू तयार होतो. तो तापविल्यावर काचेवर चकचकीत काळसर थर बसतो. सुमारे ०.०२ मिलिग्रॅम इतका सोमलही या परीक्षेत दिसू शकत असे. मात्र त्याच वेळी एक नवीन अडचण उभी राहिली. बाजारात मिळणाऱ्या जस्तात आणि गंधकाम्लातच सोमलाचा अंश असे. मानवी हाडांत 'नैसर्गिक सोमल' असतो, असे विधान फ्रान्समधील ख्यातनाम विषशास्त्रज्ञ ओर्फिला यांनी केले होते. ते त्यांना पुढे मागे घ्यावे लागले. परीक्षा सूक्ष्म झाली की परीक्षकाची स्वतःची सामग्रीही तपासावी लागते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

मुंबई इलाख्यात हे कार्य सरकारी रासायनिक विश्लेषकाकडे होते. या पदाचा आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचा निकटचा संबंध होता. भारतीय न्यायवैद्यकावरील प्रसिद्ध पाठ्यग्रंथाचे कर्ते डॉ. लायन यांनी मुंबईत हेच पद भूषविले होते. या कार्यालयाचा सर्वांत गाजलेला अहवाल मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला. पेल्यात उरलेला गाळ रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड यांनी मुंबईस पाठविला. रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांनी त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचे सांगितले. मल्हारराव गायकवाडांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे १८७५ मध्ये एकमत झाले नाही. तरीही त्यांना गैरकारभाराच्या कारणावरून पदच्युत करण्यात आले. या प्रकरणाचे राजकीय विवेचन विपुल झाले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एवढीच बाब महत्त्वाची की, डोळ्यांनी ओळखता न येणाऱ्या द्रव्याविषयी प्रयोगशाळेचा शब्द राज्यव्यवहारात प्रमाण मानला जाऊ लागला होता. पुढे प्रदूषणाच्या प्रश्नात प्रयोगशाळेला जे स्थान मिळाले, त्याची पूर्वपीठिका येथे आहे.

औद्योगिक पट्टा आणि कायद्याची मोजपट्टी

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेस रासायनिक उद्योगांचा मोठा पट्टा विकसित झाला. १९७० मध्ये नव्या शहराच्या उभारणीसाठी सिडको अस्तित्वात आले. प्रदूषण नियंत्रणाच्या बाबतीत महाराष्ट्राने केंद्राच्या आधी पाऊल उचलले. १९६९ च्या महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियमान्वये सप्टेंबर १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल अधिनियम १९७४ चा असून महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा आज याच औद्योगिक पट्ट्यात, महापे येथे आहे. कायद्याने नमुना घेण्याची रीत ठरवून दिली आणि विश्लेषकाच्या अहवालास पुराव्याचे स्थान दिले.

कायद्याला मर्यादा आकड्यांत सांगावी लागते. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील सर्वसाधारण मानकांनुसार सांडपाण्यातील पाऱ्याची मर्यादा प्रतिलिटर ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यासाठी ती १ मायक्रोग्रॅम आहे. मोकळ्या महासागराच्या पाण्यात मात्र पाऱ्याचे स्वाभाविक प्रमाण प्रतिलिटर साधारण ०.२ ते ०.४ नॅनोग्रॅम इतकेच असते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एक हजार नॅनोग्रॅम, हे ध्यानात घेता सांडपाण्याची कायदेशीर मर्यादा स्वाभाविक प्रमाणाच्या पंचवीस ते पन्नास हजार पट ठरते. कायद्याच्या अंमलबजावणीस पुरेसे असलेले उपकरण निसर्गातील बदल पाहण्यास पुरेसे असेलच असे नाही. पुढील सर्व चर्चेचा हा कळीचा मुद्दा आहे.

पारा : मिनामाता ते ठाणे खाडी

जपानमधील मिनामाता येथील आजाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. कारखान्यातून आलेले मिथिल पाऱ्याचे संयुग हे त्याचे कारण असल्याचे जपान सरकारने मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. या विलंबास आर्थिक व राजकीय हितसंबंध मुख्यतः कारणीभूत होते. तथापि, अल्प प्रमाणातील पारा मोजणे त्या काळी कष्टाचे होते, हेही खरे आहे. तेव्हाची प्रचलित पद्धत डायथिझोन या अभिकर्मकाने येणाऱ्या रंगावर आधारलेली होती. तिला मोठा नमुना, बराच वेळ आणि कुशल हात लागत. तांबे व चांदी यांसारखे धातू तिच्यात व्यत्यय आणत.

१९५५ मध्ये ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलन वॉल्श यांनी अणू-अवशोषण वर्णपटमापनाची पद्धती मांडली. पाऱ्याच्या बाबतीत तिचे एक विशेष रूप विकसित झाले. पारा हा सामान्य तापमानाला द्रवरूप असणारा आणि सहज वाफ होणारा धातू आहे. स्टॅनस क्लोराइडने नमुन्यातील पारा मूलद्रव्याच्या रूपात आणला आणि त्यातून हवा सोडली, की पाऱ्याची वाफ बाहेर येते. ती २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते. ज्योतीची गरज उरत नाही आणि सगळा पारा एका नळीत एकवटतो. हॅच व ऑट यांनी या 'शीतबाष्प' पद्धतीवरील निबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. करी यांचा पूर्वोक्त निबंधही त्याच वर्षीचा व त्याच नियतकालिकातील आहे. मिनामाताची कबुली, मोजण्याची सुलभ पद्धत आणि मोजण्याच्या मर्यादेचा सिद्धांत या तिन्ही गोष्टी एकाच वर्षी याव्यात, हा योगायोग असला तरी अभ्यासकाला उपयुक्त असा टप्पा आहे.

शीतबाष्प पद्धतीने प्रतिलिटर सुमारे ०.२ मायक्रोग्रॅम पारा नेहमीच्या कामात ओळखता येऊ लागला. उपकरण तुलनेने स्वस्त असल्याने विकसनशील देशांतील प्रयोगशाळाही हे काम करू शकल्या. ठाणे खाडीतील पाऱ्यावरील झिंगडे व देसाई यांचा निबंध १९८१ मध्ये 'मरीन पोल्युशन बुलेटिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुंबई परिसरातील खाड्यांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातील हा एक महत्त्वाचा टप्पा होय. औद्योगिक पट्ट्याचा आरंभ आणि हा निबंध यांत सुमारे दोन दशकांचे अंतर आहे. या अंतरातील पाण्याविषयी निबंध नाहीत म्हणून पारा नव्हता, असा निष्कर्ष काढणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही.

पुढील काळात प्रगतीचा वेग वाढला. १९८० मध्ये प्रेरणयुग्मित प्लाझ्मा व वस्तुमान वर्णपटमापक यांची सांगड घालणारी पद्धती पुढे आली आणि अनेक धातू एकाच वेळी नॅनोग्रॅमच्या पातळीवर मोजता येऊ लागले. पाऱ्यासाठी सोन्यावर वाफ साठवून नंतर तिचे प्रतिदीपन मोजण्याची पद्धती रूढ झाली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ मध्ये अशी जी पद्धती मान्य केली, तिची शोधमर्यादा प्रतिलिटर ०.२ नॅनोग्रॅम आहे. शीतबाष्प अवशोषणाच्या तुलनेत ही सुधारणा एक हजार पटींची आहे.

एकाच पाण्याचे दोन इतिहास

या सुधारणेचा इतिहासलेखनावर काय परिणाम होतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एखाद्या ठिकाणी पाण्यात पारा सदैव प्रतिलिटर ०.०५ मायक्रोग्रॅम होता. पहिल्या दशकातील प्रयोगशाळेची शोधमर्यादा १ मायक्रोग्रॅम होती. तिने 'आढळले नाही' असे लिहिले. दुसऱ्या दशकात सूक्ष्म उपकरण आले आणि ०.०५ ही नोंद झाली. दोन्ही अहवाल शेजारी ठेवणारा वाचक म्हणेल, पूर्वी पारा नव्हता, आता आला. दुसरा अभ्यासक प्रचलित संकेतानुसार 'आढळले नाही' याच्या जागी शोधमर्यादेच्या निम्मी संख्या, म्हणजे ०.५ धरील. त्याच्या आलेखात प्रदूषण ९० टक्क्यांनी घटलेले दिसेल. पाणी तेच आहे. एका वाचनात ते बिघडले आणि दुसऱ्यात सुधारले. दोन्ही निष्कर्ष उपकरणाच्या इतिहासातून आले आहेत, खाडीच्या नव्हे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्ली व मुंबई परिसरातील बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश असल्याचे प्रसिद्ध केले. तत्कालीन मानकात हे अंश विहित पद्धतीने 'शोधमर्यादेखाली' असावेत, एवढेच म्हटले होते. विहित पद्धती पुरेशी सूक्ष्म नसेल, तर दूषित पाणीही या कसोटीस उतरू शकते, हे त्या निमित्ताने उघड झाले. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ च्या सुमारास तयार केलेला इलेक्ट्रॉन-ग्रहण शोधक वायुवर्णलेखनास जोडला गेल्यापासून क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचे अत्यल्प अंश मोजणे शक्य झालेले होते. विज्ञान पुढे गेले होते, मानकाची भाषा मागे राहिली होती. १ जानेवारी २००४ पासून प्रत्येक कीटकनाशकासाठी प्रतिलिटर ०.०००१ मिलिग्रॅम आणि एकत्रितपणे ०.०००५ मिलिग्रॅम अशा आकड्यांतील मर्यादा लागू झाल्या. 'नसावे' याची जागा 'इतक्यापेक्षा अधिक नसावे' याने घेतली. मानकांच्या इतिहासात हा बदल लहान वाटला तरी मूलभूत आहे.

उलट बाजू : जुने मोठे आकडे

जुन्या अहवालांत प्रदूषण नेहमी कमी दिसते, असा ग्रह करून घेणेही चुकीचे ठरेल. पृथ्वीचे वय निश्चित करणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी आपल्या शिशाच्या मापनात प्रयोगशाळेतील धूळ, भांडी, आम्ले व खुद्द संशोधकाचे शरीर यांमधून शिसे मिसळते, हे ओळखले. त्यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली. त्या दक्षतेने समुद्राचे पाणी तपासले असता शिशाचे प्रमाण पूर्वीच्या प्रकाशित आकड्यांपेक्षा कितीतरी कमी निघाले. समुद्र स्वच्छ झाला नव्हता, नमुना स्वच्छ राहिला होता. समुद्राच्या पाण्यातील अल्पधातूंविषयीचे १९७० च्या दशकापूर्वीचे अनेक आकडे आज शास्त्रज्ञ ग्राह्य धरत नाहीत. ओर्फिला यांच्या 'नैसर्गिक सोमला'ची ही विसाव्या शतकातील आवृत्ती होय. म्हणून जुना अहवाल वाचताना दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात : उपकरणाला किती कमी दिसत होते, आणि प्रयोगशाळेने स्वतःचे किती मिसळले होते?

पुन्हा वाचता येणारे दप्तर

जुने पाणी वाहून गेले. ते आजच्या उपकरणाने तपासता येत नाही. मात्र निसर्गाने आणि संग्रहालयांनी काही दप्तरे राखून ठेवली आहेत.

पहिले दप्तर गाळाचे. खाडीच्या तळाशी गाळ थरांनी साचतो आणि धातू त्याच्या कणांना चिकटतात. नळी खोल रोवून काढलेल्या गाळाच्या स्तंभाचे तुकडे करून प्रत्येकातील पारा मोजता येतो. शिसे-२१० या सुमारे २२ वर्षे अर्धायुष्य असलेल्या समस्थानिकाच्या साहाय्याने थरांचा काळही ठरविता येतो. शेजारच्या उल्हास खाडीच्या गाळातील पाऱ्यावरील राम व सहकाऱ्यांचा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉस्टिक सोडा उद्योगातील पारद-घट पद्धती बंद करून पटल-घट पद्धती स्वीकारण्याचे उद्दिष्ट त्याच वर्षीच्या केंद्रीय सनदेत ठरविण्यात आले होते. असा बदल खाडीत खरोखर उतरला की नाही, याचे उत्तर पाण्याच्या जुन्या अहवालांपेक्षा गाळ अधिक विश्वासाने देतो. अर्थात भरती-ओहोटी, खोदकाम आणि चिखलातील जीवांची हालचाल यांनी थर मिसळतात. या दप्तराचीही पाने क्वचित उलटसुलट लागलेली असतात.

दुसरे दप्तर पिसांचे. स्वीडनमधील बर्ग, योनेल्स व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये संग्रहालयांतील शंभर वर्षांच्या पक्ष्यांच्या पिसांतील पारा न्यूट्रॉन सक्रियणाने मोजला. बियाण्यांना पाऱ्याची संयुगे लावू लागल्यानंतर, म्हणजे १९४० च्या दशकापासून, तो वाढल्याचे त्यांनी दाखविले. नमुने जुने होते, पद्धती नवी होती. सानपाड्याच्या समोर, खाडीपार ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' ही आशियातील पहिली अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये कार्यान्वित झाली. न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषण हा तिच्या उपयोगांपैकी एक होता. मुंबईतच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा १८८३ पासूनचा संग्रह आहे. स्वीडनसारख्या अभ्यासासाठी लागणारी साधने मुंबई परिसरात आहेत. मात्र जुनी कातडी टिकविण्यासाठी सोमल व पाऱ्याची संयुगे वापरीत. त्यामुळे येथेही नमुन्यात बाहेरून काय आले, हे प्रथम तपासावे लागेल.

तिसरा पुरावा खाडीतील जीवांचा. मासे व शिंपले पाण्यातील मिथिल पारा शरीरात साठवतात. अन्नसाखळीच्या वरच्या टप्प्यावरील माशात त्याचे प्रमाण पाण्याच्या दहा लाख पट वा अधिक होऊ शकते. ज्या काळी पाण्याच्या रकान्यात 'आढळले नाही' हा शेरा प्रामाणिकपणे लिहिला जात होता, त्याच काळी त्याच प्रयोगशाळेला माशातील पारा दिसू शकत होता. बोईट, निवटी, चिंबोरी, कालवे यांविषयी खाडीकाठच्या मच्छीमारांचे निरीक्षण मापन नव्हे. चव, वास आणि घटलेली आवक यांवरून धातू ओळखता येत नाही. परंतु कोणता जीव केव्हा व कोठे दिसेनासा झाला, हे त्यांना ठाऊक असते आणि नमुना कोठून घ्यावा, हे ठरविण्यास ती माहिती मोलाची आहे. 'आढळले नाही' या शेऱ्याच्या आधारे ती खोटी ठरविणे शास्त्रीयही नाही आणि न्याय्यही नाही.

समारोप

ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तत्पूर्वी २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष निर्देशांकात नवी मुंबई औद्योगिक क्षेत्रास ७३.७७ गुण मिळून ते अतिप्रदूषित गटात मोडले होते. भारताने २०१८ मध्ये पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला अनुमोदन दिले आहे. खाडी सुधारली की बिघडली, हा प्रश्न आता धोरण, नुकसानभरपाई आणि संवर्धन या तिन्ही अंगांनी विचारला जाणार आहे. त्याचे उत्तर जुन्या व नव्या अहवालांच्या तुलनेतूनच द्यावे लागेल. वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१) 'आढळले नाही' ही नोंद शोधमर्यादेसह वाचली पाहिजे. ज्या अहवालात शोधमर्यादा दिलेली नाही, त्यातील ही नोंद द्रव्याच्या अभावाचा पुरावा मानू नये.

२) भिन्न पद्धतींनी मिळालेले आकडे एकाच आलेखात जोडण्यापूर्वी पद्धती बदलल्याचे वर्ष नमूद करावे.

३) कायद्यापुरती पुरेशी संवेदनशीलता इतिहासापुरती पुरेशी नसते. विश्लेषकाने 'आढळले नाही' ऐवजी '०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी' अशी नोंद केली, तर पुढील पिढीच्या अभ्यासकाचे काम सुकर होईल.

४) महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र व इतिहास विभागांनी परिसरातील जुने अहवाल, प्रयोगवह्या आणि गाळाचे नमुने जतन करण्याचा संयुक्त उपक्रम हाती घ्यावा. आज राखून ठेवलेला नमुना उद्याच्या उपकरणापुढे पुन्हा साक्ष देऊ शकेल.

कागदपत्र काय सांगते याबरोबरच त्याला काय सांगता येणे शक्य नव्हते, हे ओळखणे इतिहासाच्या अभ्यासकाकडून अपेक्षित असते. प्रयोगशाळेच्या अहवालास हा नियम लावण्याची वेळ आली आहे.